डिबेटच्या मंचावर जागा कोणाला? निकष कसे ठरतात आणि कुठे अडतात

१६ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेत अध्यक्षीय डिबेट भरवणाऱ्या आयोगाने चार आकडे जाहीर केले. हिलरी क्लिंटन ४३, डोनाल्ड ट्रम्प ४०.४, गॅरी जॉन्सन ८.४ आणि जिल स्टाइन ३.२. पाच राष्ट्रीय जनमत चाचण्यांची ही सरासरी होती आणि कटऑफ होता १५ टक्के. जॉन्सन हे लिबर्टेरियन पक्षाचे उमेदवार. पन्नासही राज्यांत मतपत्रिकेवर त्यांचं नाव होतं, म्हणजे कुठल्याही राज्यातल्या मतदाराला त्यांना मत देता येणार होतं. तरी दहा दिवसांनी पहिली डिबेट झाली तेव्हा मंचावर पोडियम दोनच होते.

कटऑफ हा शब्द आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशामुळे घराघरांत ठाऊक आहे. तिथे निदान गुण विद्यार्थ्याने स्वतः मिळवलेले असतात आणि गुणपत्रिका एकच असते. इथे गुण म्हणजे हजारेक अनोळखी लोकांनी दिलेली उत्तरं. प्रश्न कोणत्या संस्थेने विचारला, कोणत्या आठवड्यात विचारला, त्यात कोणाकोणाची नावं वाचून दाखवली, यावर हे गुण बदलतात. "पंधराच का, दहा का नाही?" हा वाद रंगतो खरा, पण उमेदवार आत की बाहेर हे बऱ्याचदा त्या आकड्याभोवतीच्या बारीक अटींवर ठरतं. या लेखाचा भर त्या अटींवर आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेची आहेत, कारण हे निकष तिथे फार तपशिलात लिहिले गेले आणि कोर्टातही तपासले गेले.

आधी वेळेचा हिशेब

सगळ्यांनाच का बोलवत नाहीत? दोन तासांची डिबेट म्हणजे १२० मिनिटं. जाहिराती, सूत्रसंचालकांचे प्रश्न, सुरुवात आणि समारोप यांत तीसेक मिनिटं गेली असं धरू. उरली ९०. दोन उमेदवार असले तर प्रत्येकाला ४५ मिनिटं मिळतात, चार असले तर साडेबावीस, दहा असले तर नऊ. आणि ही नऊ मिनिटं सलग नसतात. एक मिनिटाचं उत्तर, तीस सेकंदांचं प्रत्युत्तर, असे तुकडे. एवढ्यात आरोग्य विम्यावरचा मतभेद धड मांडता येत नाही, मग लक्षात राहतं ते एखादं टाळीचं वाक्य. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत अध्यक्षपदासाठी केंद्रीय निवडणूक आयोगाकडे नाव नोंदवणाऱ्यांची संख्या एकेका निवडणुकीत हजारावर गेलेली आहे. तेव्हा चाळणी लागणारच. प्रश्न चाळणीच्या भोकांच्या आकाराचा आहे, आणि ती भोकं कोणी, कधी पाडली याचा.

कायद्याने घातलेलं कुंपण

१९३४ च्या अमेरिकी दळणवळण कायद्यातलं कलम ३१५ सांगतं की रेडिओ किंवा टीव्ही केंद्राने एका उमेदवाराला वेळ दिला, तर त्याच पदाच्या बाकी सगळ्या कायदेशीर उमेदवारांना तशीच संधी द्यावी लागेल. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण १९५९ मध्ये शिकागोत लार डेली नावाचे, 'अंकल सॅम'चा पोशाख घालून प्रचार करणारे उमेदवार महापौरपदाला उभे होते. बातम्यांत प्रतिस्पर्धी दिसला म्हणून त्यांनी आपल्यालाही वेळ मागितला आणि रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या दळणवळण आयोगाने मागणी मान्य केली. म्हणजे साधी बातमी दाखवली तरी सगळ्या उमेदवारांना वेळ वाटत बसायचं. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून बातम्या, वृत्त-मुलाखती, माहितीपट आणि घटनांचं प्रत्यक्ष वार्तांकन यांना सूट दिली. डिबेटचा मात्र त्या यादीत उल्लेख नव्हता.

म्हणून १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांना समोरासमोर आणण्यासाठी संसदेला ते कलम त्या निवडणुकीपुरतं, अध्यक्ष व उपाध्यक्ष पदांसाठी, चक्क स्थगित करावं लागलं. २६ सप्टेंबर १९६० ची ती पहिली डिबेट आजही आठवली जाते, पण त्यानंतर १९६४, १९६८ आणि १९७२ अशा तीन निवडणुकांत अध्यक्षीय डिबेट झालीच नाही. कायदा आड होता, आणि आघाडीवर असलेल्या उमेदवाराला प्रतिस्पर्ध्याला आपल्या बरोबरीने उभं करण्यात काही फायदाही दिसत नव्हता.

कोंडी फुटली १९७५ मध्ये. दळणवळण आयोगाने ठरवलं की तिऱ्हाईत संस्थेने डिबेट भरवली आणि वाहिन्यांनी ती जशीच्या तशी थेट दाखवली, तर ती बातमी समजायची. त्यामुळे १९७६ मध्ये 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' ही महिला मतदारांची संस्था यजमान झाली. हा भेद नुसता कागदावरचा नव्हता. त्या वर्षी फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर यांच्या पहिल्या डिबेटमध्ये ध्वनियंत्रणा बंद पडली आणि दोघं तब्बल २७ मिनिटं आपापल्या जागी मुकाट्याने उभे राहिले. कार्यक्रम लीगचा, कॅमेरे वाहिन्यांचे, अशी विभागणी होती. १९८३ मध्ये आयोगाने आणखी एक पाऊल टाकलं आणि वाहिन्यांना स्वतः डिबेट भरवण्याची मोकळीक दिली. आज एखादी वाहिनी स्वतःचे निकष लिहू शकते ते या निर्णयामुळे.

दुसरं कुंपण पैशांच्या कायद्याचं आहे. अमेरिकेत कंपन्यांना केंद्रीय पदाच्या उमेदवाराला देणगी देता येत नाही. दोन उमेदवारांना दीड तास फुकट प्रसारण देणं ही देणगीच की! त्यातून सुटका हवी असेल तर केंद्रीय निवडणूक आयोगाचे नियम पाळावे लागतात. किमान दोन उमेदवार हवेत, कार्यक्रमाची रचना एकाला झुकतं माप देणारी नको, आणि निवडीचे निकष आधी ठरलेले व वस्तुनिष्ठ हवेत. मुख्य निवडणुकीत 'अमुक पक्षाचा अधिकृत उमेदवार' एवढाच एकमेव निकष चालत नाही. 'आधी ठरलेले' हे शब्द या सगळ्या प्रकरणाचा कणा आहेत. नावं डोळ्यांसमोर ठेवून निकष लिहिला की तो निकष राहत नाही, आमंत्रणांची यादीच होते.

तिसरं कुंपण फक्त सरकारी पैशांवर चालणाऱ्या वाहिन्यांना लागू आहे. १९९२ मध्ये आर्कान्सा राज्याच्या शैक्षणिक वाहिनीने संसदेच्या एका जागेची डिबेट ठेवली आणि राल्फ फोर्ब्स या अपक्षाला बोलावलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९८ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वाहिनीची बाजू उचलून धरली. वगळण्याचं कारण वाजवी असावं आणि उमेदवाराच्या विचारांशी त्याचा संबंध नसावा, ही त्यातली कसोटी. त्याला मतदारांचा पाठिंबा दिसत नाही, हे कारण चालेल. त्याची मतं आम्हाला पटत नाहीत, हे चालणार नाही. खालच्या कोर्टाचा निकाल फोर्ब्स यांच्या बाजूने लागला होता तेव्हा काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. नेब्रास्काच्या सरकारी वाहिनीने १९९६ मधली सिनेटची डिबेट रद्दच करून टाकली. सगळ्यांना बोलावण्याची सक्ती केली की कोणालाच बोलावलं जात नाही, हा धोका न्यायालयाने निकालात नोंदवला.

पंधरा टक्के आले कुठून

१९८० मध्ये जॉन अँडरसन हे अपक्ष चांगला पाठिंबा मिळवून होते. लीगने १५ टक्क्यांची अट ठेवली. सप्टेंबरात अँडरसन तिच्यात बसले, म्हणून बाल्टिमोरच्या डिबेटला रेगन आणि अँडरसन आले. कार्टर आलेच नाहीत. त्यांची रिकामी खुर्ची मंचावर ठेवायचा विचार लीगने केला आणि मग सोडून दिला. ऑक्टोबरात अँडरसन यांचा आकडा घसरला, ते बाहेर पडले आणि २८ ऑक्टोबरला क्लीव्हलँडमध्ये कार्टर व रेगन दोघंच उभे राहिले. एकाच उमेदवाराला एकच नियम पाच आठवड्यांत आत घेतो आणि बाहेरही काढतो.

१९८७ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून डिबेट आयोग स्थापन केला. पुढच्याच वर्षी दोन्ही प्रचार-चमूंनी आपसात करार करून पत्रकार कोण, प्रेक्षक कोण, इथपर्यंत अटी घातल्या. तेव्हा लीगने उघड निषेध करून अंग काढून घेतलं. त्यानंतर २०२० पर्यंत यजमानपद या आयोगाकडे राहिलं. तिसऱ्या पक्षाला कात्री लावणारा नियम पहिल्या दोन पक्षांच्या पुढाकाराने जन्मलेल्या संस्थेच्या हाती असावा, हा आक्षेप आमच्या मते रास्त आहे. न्यायालयांनी मात्र तो मानलेला नाही. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानेही १५ टक्क्यांची अट टिकवली.

सुरुवातीला आयोगाकडे आकडा नव्हताच. 'निवडून येण्याची वास्तव शक्यता' अशी मोघम कसोटी होती. १९९२ मध्ये अपक्ष उमेदवार रॉस पेरो डिबेटपूर्वी दहा टक्क्यांच्या आसपासच होते, तरी तिन्ही डिबेटमध्ये आले आणि मतदानात १८.९ टक्के मतं घेऊन गेले. १९९६ मध्ये तेच पेरो, तीच कसोटी, पण आयोगाने नकार दिला. त्यावरून इतकी टीका झाली की २००० साली नियम लेखी झाला. त्यात तीन अटी होत्या. राज्यघटनेनुसार पात्र असणं, इतक्या राज्यांत मतपत्रिकेवर नाव असणं की विजयासाठी लागणारी, राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ पैकी २७० निर्वाचक मतं गणिताने शक्य व्हावीत, आणि पाच चाचण्यांत सरासरी १५ टक्के.

हा आकडा किती कडक आहे? १९९८ मध्ये मिनेसोटाच्या गव्हर्नरपदासाठी माजी कुस्तीगीर जेसी व्हेंचुरा उभे होते. सप्टेंबरात ते दहा टक्क्यांच्या घरात होते. राज्यातल्या आयोजकांनी त्यांना डिबेटमध्ये घेतलं आणि नोव्हेंबरात ३७ टक्के मतं मिळवून ते निवडून आले. पंधराची अट सप्टेंबरात लावली असती तर मतदारांनी त्यांना दोन मुख्य उमेदवारांशेजारी पाहिलंच नसतं. अर्थात या एका उदाहरणावरून कटऑफ पाचवर आणावा असं होत नाही. तिसऱ्या उमेदवाराचा आकडा उन्हाळ्यात फुगतो आणि मतदान जवळ येताच 'मत वाया जाईल' या भीतीने ओसरतो, हेही वारंवार दिसलं आहे.

चाचणीच्या पोटात शिरून पाहू

हजार लोकांच्या चाचणीत एखाद्याला १५ टक्के मिळाले, तर नमुना लहान असल्यामुळे येणारी चूक साधारण २.२ टक्क्यांची असते. म्हणजे खरा पाठिंबा १२.८ असेल किंवा १७.२ असेल. अशा पाच चाचण्यांची सरासरी काढली की ही चूक सुमारे एका टक्क्यावर येते. सरासरी घ्यायची ती यासाठी. पण सरासरीने फक्त योगायोगाची चूक कमी होते. पाचही संस्थांनी प्रश्नच तोकडा विचारला असेल तर पाचांची सरासरीही तोकडीच येणार.

आता दोन नियम शेजारी ठेवून पाहा. एक म्हणतो, 'पाच चाचण्यांत सरासरी १५ हवेत'. दुसरा म्हणतो, 'कोणत्याही चार चाचण्यांत १५ दिसले पाहिजेत'. वाचताना सारखेच वाटतात. पण एखाद्याचा खरा पाठिंबा १४ टक्के असेल तर पहिल्या नियमात तो बहुधा अडकतो. दुसऱ्यात गंमत होते. संस्था पूर्णांकात आकडा देत असतील तर १४.५ चे १५ होतात, आणि हजारांच्या नमुन्यात खऱ्या १४ चे १५ किंवा जास्त दिसण्याची शक्यता तीनात एक येते. ठरलेल्या मुदतीत अशा बारा चाचण्या झाल्या तर सरासरीने चार चाचण्यांत तो पार होतो. सहाच झाल्या तर सरासरीने दोनावर थांबतो. पाठिंबा तोच, फक्त त्या महिन्यांत वृत्तसंस्थांनी किती चाचण्यांवर खर्च केला यावर निकाल फिरतो.

नियम वाचताना म्हणून चार गोष्टी हुडकाव्यात. मान्य संस्थांची यादी आधीच जाहीर आहे का, हे पहिलं. मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि चाचणी 'घेतल्याची' तारीख धरणार की 'प्रसिद्ध झाल्याची', हे दुसरं. अपूर्णांकाचं काय करणार, हे तिसरं. ऑक्टोबर २०१५ च्या रिपब्लिकन डिबेटसाठी यजमान वाहिनीने तीन टक्क्यांची अट ठेवताना २.५ चे ३ धरू असं आधीच लिहून ठेवलं होतं, हे चांगलं उदाहरण. चौथी गोष्ट सर्वांत कमी पाहिली जाते: प्रश्नात त्या उमेदवाराचं नाव होतं का? फोनवरच्या माणसाने फक्त दोन नावं वाचली तर तिसऱ्याला मिळणारे टक्के 'इतर' या रकान्यात जिरतात. नाव न विचारलेल्या चाचणीत त्याचा आकडा शून्य धरायचा की ती चाचणी मोजायचीच नाही, हे नियमात लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं.

गर्दीची वर्षं

पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत हे सगळं आणखी नाजूक होतं, कारण तिथे फक्त त्या पक्षाचे मतदार विचारले जातात आणि नमुना तीन-चारशेवर येतो. चारशेंच्या नमुन्यात तीन टक्के म्हणजे खरे सव्वा ते पावणेपाच यांपैकी काहीही. २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे १७ प्रमुख उमेदवार होते. ६ ऑगस्टच्या पहिल्या डिबेटसाठी फॉक्स न्यूजने पाच ताज्या चाचण्यांतले पहिले दहा मुख्य मंचावर घेतले आणि उरलेल्या सातांना संध्याकाळी पाचच्या वेगळ्या कार्यक्रमात बसवलं. दहाव्या जागेवर जॉन केसिक होते, ३.२ टक्क्यांवर. या पातळीवर दहावा आणि अकरावा यांतला फरक बराचसा नमुन्याच्या चुकीचा असू शकतो. पण एकाला रात्रीचा मुख्य प्रेक्षक मिळतो आणि दुसऱ्याला ऑफिसातून लोक घरी परतायच्या वेळेचा.

पुढच्याच महिन्यात मुदतीच्या अटीने घोळ घातला. सीएनएनने जुलैच्या मध्यापासून १० सप्टेंबरपर्यंतच्या चाचण्या मोजायचं ठरवलं होतं. ऑगस्टच्या छोट्या कार्यक्रमात कार्ली फियोरिना यांनी छाप पाडली आणि त्यांचा आकडा वाढला. पण डिबेटनंतर चाचण्याच मोजक्या झाल्या होत्या, त्यामुळे जुन्या आकड्यांचं ओझं त्यांना खाली ओढत राहिलं. शेवटी १ सप्टेंबरला वाहिनीने नियम बदलला. ६ ऑगस्टनंतरच्या चाचण्यांत पहिल्या दहांत असलेल्यालाही जागा मिळेल असं ठरलं आणि मंचावर अकरा जण आले. निकाल योग्य झाला, पण पद्धत चुकली. मुदत लांब ठेवली की नियम शिळा होतो, आखूड ठेवली की एका आठवड्याच्या लाटेवर ठरतो. दोन-तीन चाचणी-संस्थांची फेरी पूर्ण होईल एवढी मुदत घेणं आणि मध्ये मोठी घटना, म्हणजे आधीची डिबेट, येणार असेल तर मुदत तिच्यानंतर सुरू करणं, हा त्यावरचा साधा उपाय होता.

२०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने टक्केवारीला देणगीदारांची जोड दिली. जूनमध्ये मायामीतल्या पहिल्या फेरीसाठी तीन मान्य चाचण्यांत एक टक्का किंवा ६५,००० वेगवेगळे देणगीदार, त्यांतही किमान २० राज्यांत प्रत्येकी २००. जागा वीसच, दोन रात्रींत दहा-दहा. वजनदार उमेदवार एकाच रात्री गोळा होऊ नयेत म्हणून दोन टक्क्यांवरचे आणि खालचे असे दोन गट करून चिठ्ठ्या काढल्या, ही युक्ती खरोखर चांगली होती. सप्टेंबरात 'किंवा' जाऊन 'आणि' आला: चार चाचण्यांत दोन टक्के आणि १,३०,००० देणगीदार. तुलसी गॅबर्ड यांच्या गटाचं म्हणणं होतं की आपल्याला दोन टक्के दाखवणाऱ्या चाचण्या वीसहून जास्त आहेत. पण पक्षाच्या मान्य यादीतल्या दोनच निघाल्या आणि त्या बाहेर राहिल्या.

देणगीदार मोजण्यामागचा विचार असा की ज्याने खिशातून एक डॉलर काढला त्याचा पाठिंबा खरा. पण मोजपट्टी जाहीर झाली की लोक मोजपट्टीसाठीच धावतात. उमेदवार धोरणावर बोलायचं सोडून 'फक्त एक डॉलर द्या' म्हणू लागले. २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने ४०,००० देणगीदारांची अट घातली, तेव्हा डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ केलं आणि अट पुरी केली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये झालेल्या नेवाडाच्या डिबेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाने देणगीदारांची अट काढून टाकली, तेव्हा स्वतःच्या पैशांवर लढणारे, देणग्या न घेणारे अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग आत आले. त्याआधी याच अटीमुळे बाहेर पडलेल्यांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको. मधल्या काळात नियम बदलायचाच असेल तर बदल पुढच्या फेरीला लागू व्हावा आणि कारणासकट लिहून जाहीर व्हावा.

२०२४: आयोग बाजूला, वाहिनी पुढे

२०२४ मध्ये बायडेन आणि ट्रम्प यांच्या प्रचार-चमूंनी डिबेट आयोगाला बगल दिली आणि २७ जूनला अटलांटात सीएनएनने स्वतः डिबेट घेतली. अटी ओळखीच्याच होत्या. २७० निर्वाचक मतं शक्य होतील इतक्या राज्यांत मतपत्रिकेवर नाव, आणि १३ मार्च ते २० जून या काळात चार मान्य राष्ट्रीय चाचण्यांत किमान १५ टक्के. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्याकडे तीन चाचण्या होत्या. मतपत्रिकेचं म्हणाल तर वाहिनीच्या मोजणीनुसार सहा राज्यं, मिळून ८९ निर्वाचक मतं.

त्यांचा आक्षेप मात्र विचार करायला लावणारा होता. जूनमध्ये बायडेन आणि ट्रम्प यांचीही पक्षाकडून अधिकृत उमेदवारी जाहीर झालेली नव्हती, मग त्यांचं नाव तरी कुठल्या राज्याच्या मतपत्रिकेवर पक्कं होतं? वाहिनीचं उत्तर असं की मोठ्या पक्षांची जागा मतपत्रिकेवर राखीवच असते आणि संभाव्य उमेदवार ठरलेले आहेत. अपक्षाला मात्र प्रत्येक राज्यात सह्या गोळा कराव्या लागतात आणि अनेक राज्यांची मुदत उन्हाळ्यात संपते. सप्टेंबरात ही अट निरुपद्रवी असते. डिबेट जूनवर आणली की तीच अट अपक्षाच्या वाटेतली भिंत होते. जुना नियम नव्या तारखेला चिकटवताना हे तपासायला हवं होतं.

ब्रिटन आणि कॅनडा

ब्रिटनमध्ये कटऑफचा एकच आकडा नाही. नियामक ऑफकॉम मागच्या निवडणुकांतली मतं आणि सध्याचा पाठिंबा, दोन्ही पाहायला सांगतो. २०१५ च्या निवडणुकीसाठी वाहिन्यांनी, युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाला बोलावून ग्रीन पक्षाला वगळायचं ठरवलं. पंतप्रधान कॅमेरन यांनी ग्रीन नसतील तर मीही नाही अशी भूमिका घेतली आणि बऱ्याच ओढाताणीनंतर २ एप्रिलला सात नेत्यांची डिबेट झाली. स्कॉटलंड आणि वेल्सचे पक्ष आत आले, तेव्हा उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाने विचारलं, मग आम्ही का नाही? एक दार किलकिलं केलं की शेजारच्या दारावर थाप पडते.

कॅनडात डिबेटसाठी स्वतंत्र आयोग आहे. २०२५ मध्ये तीनपैकी दोन अटी पुऱ्या करायच्या होत्या. संसदेत किमान एक सदस्य, चाचण्यांत चार टक्के, किंवा मतदानाच्या २८ दिवस आधी ३४३ पैकी ९० टक्के मतदारसंघांत उमेदवार. ग्रीन पक्षाने सर्व मतदारसंघांची यादी दिली आणि आमंत्रण मिळवलं. प्रत्यक्षात अर्ज भरले गेले २३२. आयोगाने १६ एप्रिलला, फ्रेंच डिबेटच्या दिवशी सकाळी, आमंत्रण मागे घेतलं. यादी मागितली तेव्हाच चूक झाली होती. तपासता येईल अशी गोष्ट, म्हणजे स्वीकारलेले अर्ज, मोजायची, आणि तारीख अर्जांच्या मुदतीनंतरची ठेवायची, तर ऐन दिवशी पोडियम उचलावा लागला नसता.

बोलावलेला उमेदवार आलाच नाही तर? २८ नोव्हेंबर २०१९ रोजी ब्रिटनच्या चॅनल फोरने हवामानावरच्या डिबेटमध्ये बोरिस जॉन्सन आणि नायजेल फराज यांच्या जागी बर्फाच्या मूर्ती ठेवल्या. तक्रार झाली, पण ऑफकॉमने नियमभंग मानला नाही. निकष लिहितानाच गैरहजेरीचं कलम लिहावं: जागा रिकामी दाखवणार का, त्याचा वेळ इतरांत वाटणार का, आणि एकच उमेदवार उरला तर कार्यक्रम मुलाखत म्हणून घेणार की रद्द करणार.

आपल्याकडे

भारतात दूरदर्शन आणि आकाशवाणीवर १९९८ पासून मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांना फुकट प्रसारणाचा वेळ मिळतो. विधानसभा निवडणुकीत प्रत्येक पात्र पक्षाला सारखा ४५ मिनिटांचा मूळ वेळ आणि त्यावर मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात जादा वेळ. कोणाला कोणता दिवस हे सोडतीने ठरतं आणि भाषणाची संहिता आधी द्यावी लागते. याच योजनेत प्रसारभारतीने जास्तीत जास्त दोन चर्चा घ्यायची तरतूद आहे, प्रत्येक पात्र पक्षाचा एक प्रतिनिधी. म्हणजे आपली मोजपट्टी जनमत चाचणीची नाही, पडलेल्या मतांची आहे. ती पक्की आहे, तिच्यात कोणाला हात घालता येत नाही. पण नवा पक्ष आणि अपक्ष तिच्यात बसत नाहीत. खासगी वाहिन्यांवर संध्याकाळी जी चर्चा रंगते ती बहुतेक प्रवक्त्यांची असते. ज्यांना आपण मत देणार, ते उमेदवार तिथे क्वचितच समोरासमोर येतात.

तालुक्याच्या पत्रकार संघाने किंवा स्थानिक केबल वाहिनीने मतदारसंघातल्या उमेदवारांना एकत्र बोलवायचं ठरवलं, तर मतदारसंघाच्या पातळीवर भरवशाची चाचणी मिळणार नाही. तेव्हा टक्केवारीच्या नादी न लागता तपासता येणाऱ्या गोष्टी घ्याव्यात: अर्जमाघारीनंतरच्या अंतिम यादीत नाव असणं, आणि मान्यताप्राप्त पक्षाची उमेदवारी किंवा त्या मतदारसंघात मागच्या वेळी ठरावीक टक्के मतं. नव्यांसाठी तिसरी वाट ठेवावी, उदाहरणार्थ मतदारसंघातल्या ठरावीक संख्येच्या मतदारांच्या सह्या, मतदार यादीतल्या क्रमांकासकट. हे सगळं एका पानावर लिहून अर्ज भरायला सुरुवात होण्यापूर्वी सर्वांना द्यावं. उमेदवारांची नावं कळल्यावर त्यात शब्दही बदलू नये. बसण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावा, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं ठेवावं. जे निकषात बसले नाहीत त्यांची तेवढ्याच मिनिटांची, तेच प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत त्याच आठवड्यात दाखवावी. आणि हे सगळं मतदान संपण्याच्या ४८ तास आधी उरकावं, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार त्यानंतर निवडणुकीचा मजकूर टीव्हीवर दाखवता येत नाही. पुनर्प्रसारणालाही तीच बंदी लागू आहे, तेव्हा केबलच्या वेळापत्रकातून ते आधीच काढून ठेवावं.